कालिदासाचा ‘सरल’ वृक्ष

मेघदूताच्या सटीक पोथ्या ज्यांच्या हातांखालून गेल्या आहेत त्यांस एक गोष्ट परिचयाची असेल. पूर्वमेघांत यक्ष मेघास हिमालयाची वाट सांगत असतां, वारा सुटला म्हणजे सरल वृक्षांचीं खोडें एकमेकांवर घासून वणवा पेटतो व त्याच्या ज्वाळांनीं चमरींचे पुच्छकेश जळतात, असा एक श्लोक येतो. त्यांतील ‘सरल’ या शब्दाचा अर्थ मल्लिनाथानें ‘देवदारु’ असा दिला आहे. आपल्याकडे पाठशाळांतून काव्याचें अध्ययन बहुशः मल्लिनाथाच्या टीकेवरच चालत आलें. आणि पोथीच्या समासांत किंवा ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरांनीं अर्थ टिपून ठेवण्याची जी चाल होती तिच्यामुळें टीकेंतला अर्थ मूळ शब्दाइतकाच रूढ होऊन बसतो. सरल म्हणजे देवदार, हें समीकरण असें आपल्या अंगवळणीं पडलें आहे.

एका झाडाच्या नांवासाठीं एवढी यातायात कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, या नांवांवर मोठ्या प्रमेयांच्या इमारती उभारल्या गेल्या आहेत. कालिदासाच्या जन्मस्थानाच्या वादांत त्याचें हिमालयवर्णन हा मुख्य पुरावा मानणाऱ्यांचा एक पक्ष आहे. पंडित लक्ष्मीधर कल्ला यांनीं १९२६ सालीं आपल्या प्रबंधांत कवीस काश्मीरचा ठरविलें, म. म. वा. वि. मिराशी यांनीं १९३४ सालच्या आपल्या ‘कालिदास’ ग्रंथांत जन्मस्थानाविषयींच्या निरनिराळ्या मतांची छाननी केली. अशा वादांत अमुक झाड अमुक प्रांतींच होतें, सबब कवीनें तो प्रांत डोळ्यांनीं पाहिला असला पाहिजे, या जातीचें अनुमान वारंवार पुढें येतें. परंतु मूळ शब्दानें कोणतें झाड सांगितलें आहे हेंच जर निश्चित नसेल, तर असल्या अनुमानास आधार तो काय उरला?

सरल म्हणजे देवदार नव्हे, असें आमचें मत आहे. मात्र तसें ठरवितांना मल्लिनाथावर अज्ञानाचा शिक्का मारणें ही दुसऱ्या बाजूची चूक होईल. त्यानें तो अर्थ कां दिला याचा माग लागतो, व तो माग मनोरंजक आहे.

प्रथम झाडें पाहूं. हिमालयाच्या दक्षिण अंगास, पश्चिमेस पाकिस्तानच्या उत्तर भागापासून पूर्वेस भूतानपर्यंत, उष्ण पायथ्याच्या वर व थंड माथ्याच्या खालीं जो पट्टा आहे त्यांत चिडाचीं रानें पसरलेलीं आहेत. सुमारें १५०० फुटांपासून ७००० फुटांपर्यंत हें झाड आढळतें. खोड सरळ सोट, १०० ते १५० फूट उंच. साल जाड, तांबूस, खोल भेगांची. पानें सुईसारखीं, वीतभर किंवा त्याहून लांब, आणि एकेका झुबक्यांत तीन. चैत्र-वैशाखांत जुनीं पानें गळून उतारावर त्यांचा निसरडा थर सांचतो. गढवाल-कुमाऊंत त्यास ‘पिरूल’ म्हणतात. या झाडाचा विशेष म्हणजे त्याची राळ. सालीस जखम झाली कीं आंतून दाट चीक वाहूं लागतो. तो ताजा असतां पांढुरका, गढूळ व अतिशय सुवासिक असतो. हवेनें घट्ट होत होत पिवळा पडतो. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून ‘गंधाबिरोजा’ म्हणून मिळतो तो हाच. त्यास भट्टींत घातलें म्हणजे वाफेच्या वाटेनें टर्पेंटाइन निघून जातें व खालीं सारंगी-व्हायोलिनच्या गजास लावतात ती राळ राहते.

चिडाच्या वरच्या अंगास त्याचा भाऊ शोभेल असें दुसरें झाड लागतें, तें कैल. हें सुमारें ६००० पासून १२००० फुटांपर्यंत वाढतें. याचीं पानें निळसर, लोंबतीं, व झुबक्यांत पांच असतात. फळें लांबट, फांदीच्या टोकास खालीं लोंबणारीं. राळ यासहि आहे, पण चिडाच्या मानानें थोडी.

देवदार याहून निराळा. तो साधारणतः ५००० ते १०००० फुटांच्या दरम्यान असतो, म्हणजे त्याचा पट्टा कैलाच्या पट्ट्याशीं बराच मिळतो व खालच्या कडेस चिडासहि शिवतो. पण त्याच्या फांद्या आडव्या, थरांथरांनीं पसरलेल्या. पानें इंच-दीड इंचाचीं, आंखूड गांठींवर पुंजक्यांनीं आलेलीं. फळ पिंपाच्या आकाराचें, फांदीवर ताठ उभें, व झाडावरच खवले गळून मोकळें होणारें. सर्वांत महत्त्वाचा भेद लांकडाच्या आंत आहे. चीड व कैल यांच्या लांकडांत राळ वाहून नेणाऱ्या नळ्या स्वभावतःच असतात. देवदाराच्या लांकडांत त्या नसतात. इजा झाल्यावर मात्र कधीं कधीं उत्पन्न होतात. त्याचा सुगंध तेलाचा आहे, व तें तेल लांकूड भट्टींत घालून काढावें लागतें. चिडास चीक येतो, देवदारास तेल असतें, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील विवेचन सोपें जाईल.

आतां कवीकडे वळूं. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत, आरंभींच्या हिमालयवर्णनांत, हत्ती गंडस्थळाची खाज शमविण्यासाठीं सरल वृक्षांवर अंग घांसतात, त्यामुळें झाडांतून ‘क्षीर’ पाझरतें व त्याच्या गंधानें शिखरें सुगंधित होतात, असें वर्णन आहे. त्यानंतर पांच-सहा श्लोकांनीं गंगेच्या तुषारांनीं थंड झालेला वारा येतो. तो देवदारूंस हलवितो. एकाच वर्णनांत, इतक्या जवळ, कवीनें दोन झाडें दोन नांवांनीं आणलीं आहेत, आणि दोघांस कामेंहि निराळीं दिलीं आहेत. पुढें तिसऱ्या सर्गांत शिव समाधि लावून बसतो ती वेदिका देवदाराखालची आहे, सरलाखालची नव्हे.

हत्तीच्या पुराव्याविषयीं एक कबुली दिली पाहिजे. पूर्वी आम्हांस असें वाटत असे कीं, हत्ती हा पायथ्याच्या रानांतला प्राणी. चीड पायथ्याजवळचा, देवदार उंचावरचा. तस्मात् हत्तीनें ज्यावर अंग घांसलें तें झाड चीडच असणार. पण हा युक्तिवाद टिकत नाहीं. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत सिंह दिलीपास जो देवदार दाखवितो, शिवानें पुत्र मानलेला व पार्वतीनें सोन्याच्या कलशांनीं पाणी घालून वाढविलेला, त्याचीहि साल एकदां रानहत्तीनें गंडस्थळ खाजवितांना सोलून काढली होती. कालिदासाचे हत्ती दोन्ही झाडांवर अंग घांसतात. तेव्हां हत्तीवरून झाड ठरत नाहीं.

परंतु हीच दोन स्थळें समोरासमोर ठेवून पाहावींत. क्रिया एकच: हत्ती आला, खाज शमविली, झाडास जखम झाली. सरलाच्या ठिकाणीं परिणाम काय, तर चीक वाहिला आणि डोंगर दरवळला. देवदाराच्या ठिकाणीं परिणाम काय, तर नुसती साल निघाली आणि पार्वतीस, कार्त्तिकेयास असुरांचीं शस्त्रें लागलीं असतीं तर व्हावें तसें दुःख झालें. चिकाचा तेथें उल्लेख नाहीं. असुरास्त्रांनीं जखमी झालेल्या पुत्राची उपमा देणाऱ्या कवीस, जखमेंतून कांहीं वाहत असतें तर तें सोडून देण्याचें कारण नव्हतें. किंबहुना उपमेस तें फारच सोयीचें झालें असतें. तें त्यानें घातलें नाहीं, कारण देवदाराची साल निघाली तरी चिडाप्रमाणें धार लागत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञांस सूक्ष्मदर्शकांतून दिसलेला भेद येथें काव्यांत उमटला आहे. दोन्ही झाडें निराळीं धरावयास आमच्या दृष्टीनें हा सर्वांत बळकट पुरावा होय.

मग मल्लिनाथानें दोहोंस एक कां केलें? तो आंध्र देशचा, कोलाचल घराण्यांतला. आजच्या तेलंगणांतील मेदकजवळच्या कोलचारम् गांवाशीं त्याचा संबंध जोडतात. काळ चौदावें-पंधरावें शतक. त्यानें हिमालय पाहिला नसेल, हें कारण सहज सुचतें व बहुतेक लोक तेवढ्यावरच थांबतात. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. रघुवंशाचा चौथा सर्ग उघडावा. रघूच्या दिग्विजयांत सैन्य हिमालयावर चढलें आहे. रात्रीं चमकणाऱ्या औषधी दिव्यांचें काम करीत आहेत, व सरलांस बांधलेल्या हत्तींच्या गळ्यांतील सांखळ्यांवर त्यांचा प्रकाश पडला आहे. लगेच पुढल्या श्लोकांत सैन्य तळ सोडून गेलें आहे, आणि हत्तींच्या गळ्यांतील दोरांनीं ज्यांची साल खरचटली आहे ते देवदारु वृक्ष किरातांस हत्तींची उंची सांगत आहेत. पहिल्या श्लोकांत हत्ती सरलांस बांधले. दुसऱ्यांत खुणा देवदारांवर उठल्या. हे श्लोक लागोपाठ वाचणारा कोणीहि जाणता टीकाकार विचारील कीं, बांधले एका झाडास आणि साल निघाली दुसऱ्याची, हें कसें? उत्तर एकच सुचतें: सरल हा देवदारूचाच प्रकार असला पाहिजे. आणि मल्लिनाथानें त्या ठिकाणीं नेमका असाच अर्थ दिला आहे. नुसता ‘देवदारु’ नव्हे, तर ‘देवदारुविशेष’. मेघदूतावर लिहितांना ‘विशेष’ गळला व नुसता ‘देवदारु’ राहिला. याचा अर्थ असा कीं, त्याचा निर्णय ऐकीव माहितीवरचा नसून कवीच्या शब्दांवरूनच काढलेला आहे. न्याय करावयाचा तर रघुवंशांतील हें स्थळ आमच्या विरुद्ध जातें, हेंहि कबूल केलें पाहिजे. यावर आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुसऱ्या श्लोकांत तळ हा शब्द अनेकवचनी आहे. डोंगर चढणाऱ्या सैन्याचे तळ एकाच रानांत पडत नाहींत. त्याच सर्गांत थोडें आधीं कांबोजांच्या देशांत हत्ती अक्रोडास बांधले आहेत. स्थळ बदललें कीं खुंट बदलतो, ही कवीची रीतच दिसते.

मल्लिनाथाच्या हाताशीं जो कोश सदैव असे त्या अमरकोशानेंहि या घोटाळ्यास हातभार लावला आहे. वनौषधिवर्गांत अमरानें देवदारूचीं सात नांवें दिलीं, त्यांत ‘पीतदारु’ व ‘पूतिकाष्ठ’ हीं आहेत. पुढें सरल निराळा सांगितला, त्याचे पर्याय ‘पीतद्रु’ आणि पुन्हां ‘पूतिकाष्ठ’. दारु व द्रु हे दोन्ही लांकूड-झाड याच अर्थाचे शब्द. तेव्हां पीतदारु व पीतद्रु यांत भेद राहिला तो नांवापुरता, आणि पूतिकाष्ठ तर उघडच सामाईक. झाडें दोन आहेत हें अमरास ठाऊक होतें. नाहींतर त्यानें त्यांस दोन जागीं सांगितलें नसतें. परंतु पर्याय पाठ करून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनांत दोहोंची सरमिसळ होण्यास एवढें पुरे आहे. भावमिश्रानें सोळाव्या शतकांत भावप्रकाशाच्या कर्पूरादि वर्गांत देवदारु सांगून त्यापाठोपाठ सरल वेगळा सांगितला, पण त्याचेंहि एक नांव ‘सुरभिदारुक’ असें दिलें. देवदारूच्या ‘सुरदारु’ या नांवाशीं त्याचें ध्वनिसाम्य पाहा.

चिकाच्या बाबतींत मात्र कोशकार व वैद्य यांच्यांत कसलाहि घोटाळा नाहीं. अमरानें मनुष्यवर्गांत सुगंधी द्रव्यें सांगतांना ‘सरलद्रव’ व त्याचे पर्याय ‘श्रीवास’, ‘श्रीवेष्ट’, ‘वृकधूप’, ‘पायस’ हे दिले आहेत. सुश्रुताच्या एलादि गणांत श्रीवेष्टक, सर्जरस म्हणजे सालवृक्षाची राळ, आणि भद्रदारु म्हणजे देवदार, हीं तीन द्रव्यें एकाच यादींत स्वतंत्रपणें मोजलेलीं आहेत. चीक सरलाचा, देवदाराचा म्हणून चीक कोणी सांगत नाहीं, त्याचें लांकूडच औषध. आणि ‘पायस’ हा पर्याय विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. पयस् म्हणजे दूध. कुमारसंभवांत कवीनें त्याच चिकास ‘क्षीर’ म्हटलें आहे. ताज्या चिकाचा पांढुरका रंग ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही निव्वळ कविकल्पना वाटणार नाहीं. तो बाजारांतला, परिभाषेंतला शब्द कवीनें उचलला आहे.

देवदार या नांवाची पुढची कथा तर मोठी गंमतीची आहे. उत्तरेकडील हें पवित्र नांव देशोदेशीं गेलें व जेथें झाड नव्हतें तेथें दुसऱ्याच झाडास जाऊन चिकटलें. बंगाल्यांत ‘देबदारु’ म्हणतात तें आपल्याकडे ज्यास खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात तें लांब पानांचें झाड. त्याचा हिमालयाशीं कांहीं संबंध नाहीं. तमिळ-तेलुगु मुलखांत कोरड्या रानांतल्या एका लहानशा झाडास त्याच्या सुवासिक लांकडामुळें देवदारु म्हणतात. याचा परिणाम असा कीं, मल्लिनाथाच्या अर्थावरून सरल समजून घेणाऱ्या तेलंगणांतील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें उभें राहणारें झाड चीडहि नसेल आणि हिमालयांतला देवदारहि नसेल. अर्थ समजावण्यासाठीं दिलेला शब्द मूळ शब्दापेक्षां अधिक दूरचा झाला! आपल्या महाराष्ट्रांतहि याहून निराळें घडलेलें नाहीं. वैद्यांचा ‘तेल्या देवदार’ हा खरा देवदार. त्यास ‘तेल्या’ हें विशेषण लावावें लागलें यावरूनच देवदार या नांवानें दुसरेंहि कांहीं बाजारांत चालत होतें हें दिसतें. आणि माल भरण्याचीं जीं हलकीं, पांढुरक्या फळ्यांचीं खोकीं मुंबई-पुण्याकडे ‘देवदारी खोकीं’ म्हणून प्रसिद्ध आहेत त्यांच्या फळ्या बहुधा चिडाच्या जातीच्या लांकडाच्या, पुष्कळदां परदेशांतून आलेल्या. म्हणजे वाण्याच्या दुकानांत आपण आजहि मल्लिनाथाचाच अर्थ चालवीत आहों.

आतां मुख्य आक्षेप. सरल म्हणजे चीड असें म्हणावें तर मेघदूतांतील तो वणवा कोठला? तेथें चमरी आहेत. त्याच्या लगत आधींच्या श्लोकांत कस्तूरीमृगांच्या नाभीनें सुवासिक झालेल्या शिळा आणि बर्फानें गौरवर्ण झालेला गंगेचा उगमपर्वत आहे. रघुवंशांतहि सरलांच्या थोडे आधीं भूर्जपत्रांची सळसळ आहे. भूर्जाचें झाड म्हणजे आपल्या काश्मिरी पोथ्यांचा जन्मदाता. तें दहा हजार फुटांच्या आसपास व त्याहून वर होतें. त्या उंचीवर चीड नाहीं. चमरी तर त्याहून वरच्या. कवीनें हिमालयाचीं सारीं विशेषणें एका ठिकाणीं गोळा केलीं, उंचीचा हिशेब ठेविला नाहीं, असें म्हणून हा आक्षेप उडवून लावतां येईल. पण मग कुमारसंभवांतील बारकाव्यावर आम्हीं जो भर दिला तोहि उडून जाईल. आपल्या सोयीपुरता कवि डोळस आणि गैरसोय झाली कीं आंधळा, असें धरणें बरें नव्हे.

या कोड्याचा उलगडा पोथ्यांत नसून डोंगरांतील लोकांच्या बोलींत आहे. नेपाळी भाषेंत या जातीच्या झाडांस ‘सल्लो’ म्हणतात. सरल, मधला स्वर लोपून सर्ल, र-ल यांचा समीकार होऊन सल्ल: प्राकृताच्या नेहमींच्या नियमांनीं हा शब्द सरळ उतरतो. सरल हें नांव अशा रीतीनें त्याच्या मूळच्या मुलखांत अजून जिवंत आहे, आणि तें तेथें देवदारास लावीत नाहींत. पण तें एकट्या चिडाचेंहि नांव नाहीं. चिडास ‘खोटे सल्लो’ म्हणतात, आणि वर राहणाऱ्या कैलास ‘गोब्रे सल्लो’. (मराठी वाचकानें ‘खोटे’ या शब्दानें फसूं नये, नेपाळींत ‘खोटो’ म्हणजे राळ. आपण ज्यास खोटें समजूं तेंच तेथें राळेचें खरें झाड!) म्हणजे सल्लो हें जातीचें नांव, खालचा आणि वरचा हे तिचे दोन प्रकार. कालिदासाच्या ‘सरल’ शब्दाची व्याप्ति हीच धरली म्हणजे सर्व स्थळें जुळतात. कुमारसंभवांत चीक भरपूर वाहतो तेथें चीड मानावा; मेघदूतांत व रघुवंशांत भूर्ज, कस्तूरीमृग व चमरी यांच्या शेजारीं आहे तो कैल. दोहोंत राळ आहे, दोन्ही भडकन् पेटतात.

वणव्याविषयीं जातां जातां एक गोष्ट. खोडें घासून आग लागणें हा संस्कृत कवींचा आवडता संकेत आहे. प्रत्यक्षांत चिडाच्या रानांतील वणवे बहुधा माणसाच्या हातून लागतात, व वाळलेला पिरूल त्यांस रान मोकळें करून देतो. १९२१ सालीं कुमाऊंत सरकारनें गांवकऱ्यांच्या हक्कांवर घातलेल्या जंगलबंदीविरुद्ध लोकांनीं हींच रानें हेतुपुरस्सर पेटविलीं होतीं.

आपल्या टीकाकारांची एवढी झाडाझडती घेतल्यावर पाश्चात्यांच्या नामकरणाचा इतिहासहि पाहणें न्याय्य होईल. कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यानें चिडास ‘पायनस लाँगिफोलिया’, म्हणजे दीर्घपर्णी, असें नांव दिलें. तें एल्मर बर्क लँबर्ट याच्या ग्रंथांत १८०३ सालीं छापून आलें. पण तेंच नांव सॅलिसबरी यानें १७९६ सालींच अमेरिकेंतील दुसऱ्या एका झाडास देऊन ठेविलें होतें. वनस्पतिशास्त्रांत अग्रहक्काचा नियम कडक आहे. एकदां वापरलेलें नांव दुसऱ्यास चालत नाहीं. शेंकडा वर्षें तें नांव पुस्तकांत वावरल्यावर १८९७ सालीं सार्जंट यानें तें काढून रॉक्सबर्गच्याच स्मरणार्थ ‘पायनस रॉक्सबर्गाय’ असें नवें नांव ठेविलें. कैलाचेंहि तसेंच झालें: वॉलिचनें दिलेलें ‘पायनस एक्सेल्सा’ हें १८२४ सालचें नांव आधींच दुसऱ्यानें घेतलेलें निघालें, व १९३८ सालीं जॅक्सन यानें त्यास ‘पायनस वॉलिचियाना’ केलें. आणि देवदार? रॉक्सबर्गनें त्यास ‘पायनस देवदारा’ म्हणून चिडाच्याच गणांत बसविलें होतें. १८३० सालीं जॉर्ज डॉन यानें त्यास तेथून काढून ‘सीड्रस’ गणांत नेलें. सरल हा देवदारुविशेष असें मल्लिनाथ म्हणतो. देवदार हा सरलविशेष असें रॉक्सबर्गचें म्हणणें झालें. झाडें हाताशीं असलेल्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच्या शास्त्रज्ञानें जें केलें, तेंच केल्याबद्दल मल्लिनाथास दोष देण्यांत कितीसा अर्थ आहे?

बाद झालेलीं नांवें सर्वस्वीं मरत नाहींत, याचेंहि एक उदाहरण येथेंच आहे. चिडाच्या टर्पेंटाइनमध्यें सांपडलेल्या एका द्रव्यास सिमन्सन यानें १९२० सालीं झाडाच्या तेव्हांच्या रूढ नांवावरून ‘लाँगिफोलीन’ म्हटलें. झाडाचें तें नांव आज शास्त्रांतून गेलें, द्रव्याचें राहिलें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत सुखदेव यांनीं या द्रव्यावर पुढें बरेंच संशोधन केलें. पूतिकाष्ठ हा शब्द ज्याप्रमाणें अमरकोशांत दोन झाडांच्या मध्यें अडकून राहिला, त्याप्रमाणेंच हें लाँगिफोलीन.

आतां जन्मस्थानाचा प्रश्न. काश्मीरच्या मुख्य खोऱ्यांत चीड नाहीं. तो जम्मूच्या बाजूस व झेलमच्या खालच्या खोऱ्यांत आहे. यावरून, ज्यानें चिकाचें इतकें हुबेहूब वर्णन केलें तो कवि काश्मीरचा नसून गढवाल-कुमाऊंकडचा, असें अनुमान करण्याचा मोह होण्यासारखा आहे. आम्हांसहि तो झाला होता. परंतु सरल या नांवांत कैलाचा समावेश होत असेल तर तें अनुमान फसतें, कारण काश्मीरच्या खोऱ्यांत कैल पुष्कळ आहे व त्यासहि चीक आहे. शिवाय सरलद्रव ही दूरदेशीं विकली जाणारी वस्तु. तिचें दुधासारखें रूप उज्जयिनीच्या गांध्याच्या दुकानांत ‘पायस’ या नांवांतूनहि कवीस कळूं शकलें असतें. सबब या वादांत सरल वृक्षास कोणत्याहि पक्षाचा साक्षीदार म्हणून उभा करतां येत नाहीं. काश्मीरवाद्यांनींहि नाहीं, त्यांच्या प्रतिपक्षांनींहि नाहीं.

संग्राहकांस एक विनंति आहे. कालिदासाच्या काव्यांच्या, अमरकोशाच्या किंवा निघंटूंच्या ज्या पोथ्या नेपाळ, कुमाऊं, गढवाल अथवा काश्मीर येथें लिहिल्या गेल्या असतील, त्यांच्या समासांत सरल, पीतद्रु, पूतिकाष्ठ, श्रीवास या शब्दांवर देशी भाषेंत कांहीं अर्थ टिपलेला आढळल्यास तो, पोथीच्या लेखनस्थळासह व शकासह, नकलून घ्यावा. दक्षिणेंतील पोथ्यांत तेथें ‘देवदार’ असणार, हें आतां सांगावयास नको. पण डोंगरांतल्या एखाद्या लेखकानें तेथें ‘सल्ल’ लिहिलें असेल, तर ती टिपणी मल्लिनाथाच्या टीकेशेजारीं छापण्याच्या योग्यतेची आहे.